येवा जेवूक

१

माणसाला किती ऐकू येतं ते मोजणं हे माझं काम. मालाडला एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी तेरा वर्षं ऑडिओमेट्री करते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. लोक या खोलीत फार खोटं बोलतात. बहिरे ऐकू येतं म्हणतात आणि नोकरीतून सुटायला बघणारे ऐकू येत नाही म्हणतात. त्यामुळे मी तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, कागदावर उमटलेल्या रेघेवर ठेवते. माझा नवरा नितेश म्हणतो, तू तर लग्नाला होकारसुद्धा माझा आलेख बघूनच दिलास.

शनिवारी क्लिनिक दीडला बंद होतं. नितेशला शनिवारीही ऑफिस असतं आणि आमची मानसी, वय दहा, बॅडमिंटनला जाते. मग उरतो मी आणि माझे सासरे. गुणाजी त्यांचं नाव, सगळे आबा म्हणायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मूळचे मालवणकडचे, गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापडाच्या मागांवर, आयुष्य घालवलेले. शनिवारी ते आमच्या दहिसरच्या घरून मेट्रोने मालाडला यायचे, बाजारात सुकट आणि बोंबील चाचपून बघायचे, विक्रेतीशी भांडायचे आणि बरोबर दीडला क्लिनिकच्या जिन्याखाली पिशवी घेऊन उभे राहायचे. तिथून आम्ही 'पदौक'मध्ये जेवायला जायचो.

'पदौक' म्हणजे झेरॉक्सचं दुकान आणि मोबाईल दुरुस्तीवाला यांच्या मधे सात टेबलांचं बर्मी हॉटेल. राधा नावाची चाळिशीतली तमिळ बाई ते चालवते. तिची आजी रंगूनहून पायी चालत आली होती म्हणे, आणि येताना फक्त स्वयंपाक घेऊन आली. स्वयंपाकघर अर्ध्या भिंतीच्या पलीकडे. कढईवर झारा आपटतोय, ऑर्डरी ओरडल्या जातायत, कोणाचा तरी वाढदिवस आहे, स्पीकरवर गाणं आहे आणि प्रत्येकजण त्या गाण्यावरून बोलतोय. मी एकदा फोनवर आवाज मोजला होता, चौऱ्याऐंशी डेसिबल निघाला.

आबा पहिल्यांदा यायला तयार नव्हते. "माका ता चायनीज-बियनीज नको," म्हणाले. मग राधाने नारळाच्या दुधातल्या नूडल्सचा वाडगा समोर ठेवला. आबांनी एक चमचा खाल्ला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्ये तर आमचे शिरवाळे गो! बाय रसात गूळ घालूक इसारली." त्या दिवसापासून एक शनिवार चुकला नाही.

मला हा माणूस आवडायचा. लग्न मी मुलाशी केलं, पण गप्पा मारायला मला सासरा मिळाला.

२

आबांना एक सवय होती. जेवताना समोरून कोणी गेलं की त्यांचा हात थांबायचा आणि तोंडून निघायचं, "येवा जेवूक." ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात नवं काही नाही. जेवणाऱ्याने बोलवायचं आणि जाणाऱ्याने म्हणायचं, जेवा, जेवा, आमचं झालं. कोणी येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं आणि तरी दोघांनाही बरं वाटतं.

चाळीत असताना त्यांची चैन होती. दार सताड उघडं, गॅलरीतून माणसांची ये-जा, एका जेवणात पंधरा-वीस आमंत्रणं सहज व्हायची. चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो आणि आबांचं बोलवणं बंद पडलं. एकदा कुरिअरवाल्याला बोलावलं. तो बिचारा ओटीपी मागत राहिला.

'पदौक'ने त्यांची ती हौस पुन्हा भागवली. शनिवारी दुपारी तिथे इतकी गर्दी की थांबलेले लोक आतच, भिंतीलगत, आईस्क्रीमच्या फ्रीझरपासून दारापर्यंत उभे. सगळ्यांचे डोळे जेवणाऱ्यांच्या ताटावर, कोण कधी उठतंय ते बघत. मला असं कोणी बघत असलं की घास गिळवत नाही. आबांना मात्र गॅलरीत बसल्यासारखं वाटायचं. कॉलेजच्या मुली, बाळ घेतलेला बाप, टाय लावलेला कोणी साहेब, सगळ्यांना तेच, येवा जेवूक. मुली हसायच्या, "नको आजोबा, तुम्ही जेवा." साहेब लाजायचा. बाजूच्या टेबलावरचेही हसायचे. राधा एकदा म्हणाली, "काका, माझं अर्धं गिऱ्हाईक तुम्हीच सांभाळता."

दसरा झाल्यानंतरच्या शनिवारची गोष्ट. आम्ही भिंतीकडच्या टेबलावर होतो. मी नेहमीसारखी आबांच्या उजव्या हाताला, त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर त्यांची सुकटीची पिशवी. आबांनी फ्रीझरच्या दिशेने बघून म्हटलं, "येवा जेवूक." मी मासळीच्या सुपातला केळीचा गाभा शोधत होते, मान वर केली नाही. मग आबांनी पिशवी उचलली आणि टेबलाखाली ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"ह्यांका बसूक नको?" ते म्हणाले.

मी बघितलं. खुर्ची रिकामी होती. कोणी बसायला निघाला असेल आणि लाजून मागे फिरला असेल असं वाटलं. तेवढ्यात राधा आली आणि टेबलावर तीन ताटल्या मांडून गेली. मी तिला हाक मारून म्हटलं, "अगं, दोघंच आहोत."

"तीन नाही?" ती म्हणाली. तिने पुन्हा टेबलाकडे बघितलं, कपाळाला हात लावला. "सॉरी हां ताई. मी तर तीन मोजले."

गर्दीत असं होतं. तिला शंभर व्यवधानं. तिसरी ताटली तिने उचलली नाही आणि आम्हीही तिला उचलायला सांगितली नाही.

३

आता कानाबद्दल सांगायला हवं.

आबांचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. त्या कानाला शून्य ऐकू येत होतं. मीच त्यांचा आलेख काढलाय, एकदा नव्हे, चार वेळा. डाव्या कानात मी मशीनमधला सगळ्यात मोठा आवाज सोडला तरी ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे. उजवा कान साच्यांनी निम्मा खाल्लेला, त्यात ऐकण्याचं मशीन. म्हणून घरात सगळ्यांना शिस्त होती, आबांशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं. कोणी डावीकडून हाक मारली तर ते सरळ चालत राहायचे आणि आम्ही हसायचो.

'पदौक'मध्ये गोंगाट सहन व्हायचा नाही म्हणून ते मशीन काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. म्हणजे तिथे ते जवळजवळ ठार बहिरे. मी खुणांनी बोलायचे आणि ते हवं ते समजायचे.

दिवाळीच्या आधीचा शनिवार. तिसरी ताटली आता राधा न विचारता ठेवायची आणि आबा त्यात आपल्यातलं वाढायचे. म्हाताऱ्या माणसाचे चाळे म्हणून मी काही बोलत नव्हते. चाळीत असताना ते मांजरालाही आधी वाढत. त्या दिवशी मी फोनमध्ये बघत होते. मान वर केली तर आबा डावीकडे कलले होते. डावा कान पुढे करून, भुवया उंचावून, कोणी काही सांगतंय आणि नीट ऐकायला हवं असं. मग त्यांनी मान डोलावली. "हां, हां," म्हणाले. थोडं थांबून, "दहिसराक. नदीकडे."

मी हातातला चमचा खाली ठेवला.

बहिरा माणूस बहिरा कान पुढे करत नाही. हे मी तेरा वर्षं बघतेय. खोटं बोलणारेसुद्धा हे विसरतात आणि चांगला कानच पुढे करतात, त्यावरूनच आम्ही त्यांना पकडतो. आबा ज्या बाजूला कलले होते त्या बाजूला त्यांच्यासाठी जग नव्हतंच.

मी त्यांच्या हाताला हात लावला आणि कोणाशी बोलताय अशी खूण केली. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. दुसरा बोलत असताना मधे तोंड घालणाऱ्या मुलाला गप्प करतात तसं.

४

त्यानंतर मी त्यांच्याकडे नीट बघायला लागले आणि मला दिसलं ते याआधीच दिसायला हवं होतं.

ते वाळत चालले होते. पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलेली. गळ्याखाली दोन खड्डे पडले होते. घरातल्या काट्यावर गणपतीत त्रेसष्ट किलो भरले होते. दिवाळीच्या पाडव्याला मी उभं केलं तर चोपन्न. आणि हा माणूस जेवत होता. चार पोळ्या, भाताचा डोंगर, दुपारी चहाबरोबर खारी. मी मोजून वाढत होते. ताट लख्ख व्हायचं.

"म्हातारपण आहे गं," नितेश म्हणाला.

"नऊ किलोचं म्हातारपण दोन महिन्यांत येतं?"

"मग डॉक्टरकडे ने ना. तुझ्या इतक्या ओळखी आहेत."

नेलं. साखर, थायरॉईड, यकृत, पोटाचा स्कॅन, छातीचा फोटो. सगळं नॉर्मल. माझ्या ओळखीचे फिजिशियन म्हणाले की या वयात इतके छान रिपोर्ट मी बघितले नाहीत, पोटभर खायला घाला. मी हसले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले.

मग मी ठरवलं की 'पदौक' बंद. एक शनिवार आम्ही गेलो नाही, घरीच जेवायला बसलो. आबांनी काही तक्रार केली नाही. फक्त वाढून झाल्यावर उठले, स्वयंपाकघरातून एक ताट आणलं आणि आपल्या डाव्या बाजूला जमिनीवर मांडलं. घरात त्यांना खाली पाट घेऊन जेवायची सवय होती. मग भात कालवता कालवता ते डावीकडे कलले.

त्या दिवशी टीव्ही बंद होता, पंखाही बंद होता. माझे कान शाबूत आहेत, दर वर्षी मी ते स्वतः तपासते. मला आबांच्या जेवण्याचा आवाज येत होता, कवळीचा तो नेहमीचा टकटक आवाज. आणि त्याच्या मधेमधे दुसरा, ओला, घाईचा. ओरपण्याचा. आबांच्या तोंडात घास नसतानाही तो येत होता.

मी पुन्हा शनिवारी 'पदौक'ला जायला लागले. निदान तो घरी येऊ नये म्हणून.

५

एका रविवारी सकाळी आबा बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत होते. कानात मशीन होतं. मी उजवीकडे जाऊन बसले.

"आबा, तो कोण आहे?"

त्यांनी लपवाछपवी केली नाही. "माका काय ठावक? नाव सांगणा नाय."

"मग बोलावलंत कशाला?"

"मिया सगळ्यांकच बोलवतंय. सत्तर वर्सां बोलवतंय, दीप्ती. कोण कधी बसाक नाय. सगळे म्हणतत, जेवा, जेवा. ह्यो पयलो. बरां म्हणालो आणि बसलो."

"आणि तुम्ही बसू दिलंत."

"मगे काय करू? बोलवलंय मिया." त्यांनी एक खडा बाजूला काढला. हात इतके बारीक झाले होते की मनगटाची हाडं मोजता आली असती. "भुकेलो आसा गो. असो भुकेलो माणूस मिया संपाच्या वर्साक पण बघूक नाय. कितीय घाल, पुरणा नाय."

"तो तुमचं खातोय, आबा. तुम्हाला दिसत नाही का? तुम्ही मराल."

"दिसता ना."

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्यांचा राग आला. मी म्हटलं, "त्याला सांगा आता पुरे. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते."

"पानावरल्या माणसाक उठवूचा नाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू उठवलंस तर मियाय उठतलंय. बोलवणारो कसो बसान रवतलो?"

"उठा ना. दोघं उठा. मला तेच हवंय."

ते हसले आणि पुन्हा सुकटीत डोकं घातलं. मी उठायला लागले तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आता तुमचो इचारता. नितेश काय खाता. मानसीक काय आवाडता. शनिवारी मानसी कित्याक येणा नाय, म्हणता."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. हा सगळा म्हातारपणाचा भ्रम आहे, मेंदूचा डॉक्टर बघायला हवा, असं मी स्वतःला सांगत होते. आणि त्याच वेळी मनात शब्द जुळवत होते, येत्या शनिवारी मी त्याला काय सांगणार त्याचे.

६

डिसेंबरचा पहिला शनिवार. तेच भिंतीकडचं टेबल. 'पदौक' फुल होतं, भिंतीलगत दहा-बारा माणसं उभी, एका टेबलावर कोणाच्या तरी बढतीचा गोंधळ. आबांनी मशीन खिशात टाकलं. राधाने तीन ताटल्या ठेवल्या. अलीकडे ती ताटल्या ठेवताना आमच्याकडे बघत नसे.

मी ठरवलं होतं की नजर हलवायची नाही. आजवर त्या ताटलीतलं अन्न कधी संपतं ते मी बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी कोणीतरी हाक मारायचं, फोन वाजायचा आणि परत बघेपर्यंत ताटली रिकामी असायची. त्या दिवशी मी आबांच्या वाडग्यावर डोळे रोखले. आबांनी चमचा भरला, तोंडाकडे नेला, आणि हात वर असतानाच खाली वाडग्यातला रस्सा उतरला. हळूहळू, कडेला पिवळी रेघ सोडत, दोन बोटं. नूडल्सचा एक धागा डावीकडच्या कडेवरून सरकत गेला आणि मग दिसेनासा झाला.

आबांनी चमचा तोंडात घातला. तो रिकामाच होता. तरी त्यांनी चावल्यासारखं केलं, गिळलं.

मी उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती, संताप आला होता. माझ्या घरचा माणूस माझ्यासमोर उपाशी मरत होता.

"ऊठ," मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "आमच्या पानावरून ऊठ. खाल्लंस तेवढं बस झालं. ऊठ आणि चालता हो."

इतक्या गोंगाटातही बाजूच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. आबांच्या कानात मशीन नव्हतं, पण त्यांना कळलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला तो अजून दिसतो. घरच्या सुनेने पाहुण्याचा अपमान केल्यावर म्हाताऱ्याचा पडेल तसा. त्यांनी चमचा ठेवला, डावीकडे वळून हात जोडले. "चला मगे," म्हणाले. त्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मी ऐकला.

तेवढ्यात आमच्या मागच्या टेबलावर नंबर लागलेलं कुटुंब माझ्या आणि आबांच्या मधून घुसलं. आजी, बाबागाडी, दोन मोठ्या बॅगा. "सॉरी हां, सॉरी," करत ते गेले. पाच सेकंद, फार तर दहा.

ते गेल्यावर बघते तर आबा जागेवरच होते. वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा पीत होते. डावीकडची खुर्ची टेबलाला लागलेली, ताटली भरलेली, कोणी स्पर्शही न केलेली. मला इतकं हलकं वाटलं की मी खाली बसून पाणी प्याले. वाडगा रिकामा झाला तसा त्यांनी माझा ओढून घेतला. मी म्हटलं, खा, सगळं खा.

राधा पाण्याचा जग घेऊन आली. दाराकडे बघत म्हणाली, "ताई, काका असे हात न धुताच कसे गेले? मी हाक मारली, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. बरं नाही का त्यांना?"

"कुठे गेले? हे काय, इथे तर बसलेत."

राधाने खुर्चीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तिच्या हातातला जग वाकडा झाला आणि पाणी टेबलावर सांडायला लागलं.

"हो," ती म्हणाली. "बसलेत." आणि पाणी न पुसताच मागच्या मागे गेली.

७

नाताळपर्यंत त्यांचं वजन साठावर गेलं. गाल भरले. नितेशने मला मिठीच मारली. "तू वाचवलंस गं त्यांना," म्हणाला. बिल्डिंगमधल्या बायका विचारायला लागल्या की कुठलं टॉनिक दिलंस.

चालणं आबांचंच होतं, बोलणंही. मालवणी अगदी तीच. पण पाट घेऊन खाली बसणं सुटलं. पहिल्याच दिवशी जेवायला बसताना त्यांनी बेडरूमचं, बाल्कनीचं, सगळी दारं लावून घेतली. "जेवताना कोणी बघूक नको," म्हणाले. मानसीची पोळी तिच्या ताटातून उचलून खाल्ली, तेव्हा ती खुदकन हसली. आजोबांनी मस्करी केली असं तिला वाटलं. मी तिला ताटासकट उचलून दुसऱ्या खोलीत नेलं.

मनाशी मी रोज भांडत होते. त्या दिवशी आबा उठले असतील, मग विचार बदलून परत बसले असतील. राधाने गर्दीत दुसरा म्हातारा बघितला असेल. शेवटी मी मला येतं तेच केलं. क्लिनिक बंद झाल्यावर त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, नेहमीची तपासणी म्हणून. चांगल्या कानात सरसर आवाज सोडून तो झाकला, म्हणजे त्याची मदत होऊ नये, आणि डाव्या कानात सगळ्यात बारीक आवाज सोडला. दहा वर्षांच्या मुलालाही लक्ष देऊन ऐकावा लागेल असा.

त्यांनी बटण दाबलं.

मी आणखी खाली गेले. दाबलं. मशीनमध्ये त्याच्या खाली जागाच नव्हती. मग मी हात मांडीवर घेतले आणि काहीच सोडलं नाही. काचेपलीकडे ते माझ्याकडे बघत होते आणि बटण दाबत होते. पुन्हा दाबत होते. सावकाश, एका लयीत. काही वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या छातीत जे धडधडत होतं, त्याच्याशी ती लय जुळत होती.

तो कागद मी फाडला आणि तुकडे मेट्रो स्टेशनवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. नितेशला दाखवला असता तर तो म्हणाला असता, मशीन बिघडलं असेल.

८

जानेवारीत राधाचा फोन आला. दुपारची वेळ होती, मागे कढईचा आवाज येत होता.

"ताई, राग मानू नका. काका रोज येतात इथे. येतात आणि भिंतीकडे उभे राहतात. मी बसा म्हणते तर ऐकत नाहीत. मी वाडगा हातात दिला तर धरत नाहीत. फार बारीक झालेत हो. तुम्ही घरचे ना? तुम्ही येऊन बोलवा त्यांना."

फोन ठेवताना मी बघितलं. घरातले म्हातारे टेबलाशी बसून सकाळपासून तिसऱ्यांदा जेवत होते. त्यांनी जेवणं थांबवून डावा कान माझ्याकडे केला होता.

शनिवारी मी एकटी गेले. राधाने तेच टेबल दिलं आणि मासळीचं सूप आणून ठेवलं. एकच ताटली ठेवली. "फ्रीझरपाशी," हळूच म्हणाली. "बघा ना तिकडे. तुमचीच वाट बघतायत."

मी बघितलं नाही. मला माहीत होतं की बघितलं तर तोंडातून निघेल. लग्न होऊन आले त्या दिवसापासून आबांच्या तोंडून जे ऐकत आले, तेच दोन शब्द. ते बरां म्हणतील आणि बसतील. आबा माझं वाईट कधीच करणार नाहीत, हेही मला माहीत होतं. पण दोन महिने त्यांनी स्वतःचा घास दुसऱ्याला घातला होता आणि त्यानंतर महिनाभर उपाशी उभे होते. इतका भुकेला माणूस पानावर बसला की उठत नाही. उठतो तो बोलवणारा. मी स्वतःला सांगते की घरी मानसी आहे, त्या म्हाताऱ्याबरोबर तिला एकटी सोडता येणार नाही. ते खरंच आहे. पण त्या क्षणी मानसी माझ्या मनातही नव्हती. मी घाबरले होते, बस.

मी मान खाली घालून खायला लागले. आजूबाजूला हसणं-खिदळणं चाललं होतं. कोणाची तरी ऑर्डर ओरडली गेली. मग टेबलाच्या कडेपलीकडे, फरशीवर, दोन पाय येऊन थांबले. अनवाणी, धुळीने पांढरे पडलेले, घोट्याची हाडं वर आलेली. नखं वाढली होती. आबांना वाकता यायचं नाही, म्हणून दर महिन्याला वर्तमानपत्र पसरून त्यांची नखं मीच कापायचे. उजव्या अंगठ्याचं वाकडं नख कसं कापायचं ते फक्त मलाच जमायचं.

पाय तसेच उभे राहिले. बोलवल्याशिवाय आबा कधी कोणाच्या पानाशी बसले नव्हते.

मी केळीचा गाभा संपवला, नूडल्स संपवले, वाडगा उचलून रस्सा प्याले. मान एकदाही वर केली नाही. पोट भरलं होतं तरी राधाला हात दाखवून आणखी एक वाडगा मागवला, कारण तो संपेपर्यंत मला उठावं लागणार नव्हतं.